सी बॅच

धुळ्याच्या स्टँडवरून आमच्या गावाला संध्याकाळी दोनच गाड्या सुटतात. एक पाचची आणि दुसरी पावणेसातची मुक्कामी. मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपतात, त्यांची भाकरी पाळीपाळीनं एकेका घरून जाते आणि सकाळी सहाला तीच गाडी परत निघते. त्या गाडीला दिवसभराची कामं आटोपलेले, आणि कधी थोडी 'घेतलेले' गडी असतात. आमच्या गावातली पोरगी मुक्कामी गाडीनं येत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारची एक आली होती, तिचं कॉलेज त्याच आठवड्यात सुटलं.

त्यामुळे माझ्या ॲडमिशनच्या वेळी नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, एवढंच सांगितलं, "पाचनी गाडी चुकाले नको. चुकनी ते कालेज बंद." नाना कधी ओरडत नाहीत. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स मिळालं तेव्हा मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. बारावीच्या सुट्टीत मोबाइलवर बघूनबघून मी एक वेबपेज बनवलं होतं. आईच्या नावावर बोट ठेवलं की नावाचा रंग बदलायचा. आई दिवसातून चार वेळा बोट ठेवून बघायची. मला हेच शिकायचं होतं, दुसरं काही नाही.

मग कॉलेजात विषय निवडायचा अर्ज हातात आला. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, पुढे कॉम्प्युटर सायन्स छापलेलंच होतं, पण खाली मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा पेपर असे रिकामे चौकोन. सर म्हणाले, "आवडीनं निवडा, घाई करू नका." सगळे विषयांची नावं वाचत होते आणि मी घड्याळ वाचत होते. इलेक्ट्रॉनिक्स मनापासून घ्यायचं होतं, पण त्याची प्रॅक्टिकल्स पाचपर्यंत. संख्याशास्त्र एकला सुटत होतं, ते घेतलं. ओपन इलेक्टिव्ह म्हणून पर्यटन घेतलं, कारण त्याचा तास अकराला होता. सप्तशृंगी गडाच्या पलीकडे पाऊल न टाकलेली मी पर्यटन शिकणार होते. अर्ज दिला तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूष होते. एकही तास तीनच्या पुढे जात नव्हता.

सोमवारी फळ्यावर प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागल्या. त्या काही मला निवडायच्या नव्हत्या, रोल नंबरनं पडल्या होत्या. मी सी बॅचमध्ये. प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल, गुरुवार आणि शुक्रवार, तीन ते साडेपाच.

मी ती ओळ तीनदा वाचली. ऑफिसात जाऊन बॅच बदलून मिळेल का असं विचारलं, तर क्लार्क बाईंनी मान वर न करता सांगितलं, "रोल नंबर बदलून आण, बॅच बदलते." मागच्या दोघी हसल्या. मला सरांना गाठता आलं असतं. वर्गात उभं राहून सकाळच्या ए बॅचमधल्या कुणाला तरी अदलाबदलीचं विचारता आलं असतं. पण कारण काय सांगायचं? आमच्याकडे पोरी पावणेसातच्या गाडीत बसत नाहीत म्हणून? शहरातल्या पोरींसमोर हे सांगायची लाज वाटली, आणि घरी सांगायची भीती. या दोन्हींच्या मध्ये मी चार दिवस नुसती जेवणावरून उठत राहिले. आई म्हणाली, "तोंड कशाले उतरेल शे तुनं?" मी म्हटलं, ऊन लागलं.

तो पहिला गुरुवार मी बुडवला. शुक्रवारही. पाचच्या गाडीत बसून घरी आले आणि प्रत्येक थांब्यावर वाटत राहिलं की आता प्रॅक्टिकल संपत आलं असेल.

विषय बदलायची मुदत शनिवारपर्यंत होती. केमिस्ट्री मेजर घेतलं तर सगळं दीडला आटोपत होतं, हे मी फळ्यावरून पाठ केलं होतं. अर्जावर पालकाची सही लागायची. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सही म्हणजे तीन थरथरती अक्षरं. स्टँडच्या बाकावर बसून मी ती केली. हात इतका कापत होता की सही हुबेहूब आली. क्लार्क बाईंनी शिक्का मारताना विचारलं, "नक्की ना? नंतर परत फिरता येणार नाही." मी हो म्हटलं. इतकं भिऊन मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

रविवारी सकाळी नाना बशीतून चहा पीत ओट्यावर बसले होते. त्यांनी मला हाक मारली. सही कळली, असंच मला वाटलं.

"काल भाकरीनी पाळी आपली व्हती," नाना म्हणाले. "कंडक्टरले सांगी ठेयेल शे. शाळाना गुर्जी म्हनेत, कम्प्युटरवाल्यासले संध्याकाळपावत थांबनं पडस. उशीर व्हयना ते मुक्कामी गाडीनी ये. डायवरना मांगलं शीट तुनं. कोनी काही बोलनं ते माले सांग. घाबरू नको."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बोलायचं तर खोट्या सहीपासून सुरुवात करावी लागली असती. मी "हो नाना" म्हटलं आणि बशी धुवायला घेतली.

आता दुसरं सेमिस्टर चालू आहे. निकालावर बी.एस्सी. एवढंच मोठं लिहिलेलं असतं, त्याच्या खालचं घरात कुणी वाचत नाही. नाना पाव्हण्यांना सांगतात, आमनी पोर कम्प्युटर शिकस. कुणाचा मोबाइल अडला की माझ्याकडे आणतात.

केमिस्ट्री दीडला सुटतं. पण गुरुवारी आणि शुक्रवारी घरी लवकर जाऊन चालत नाही, म्हणून मी लायब्ररीत बसते. लायब्ररी बंद झाली की स्टँडवर येते आणि मुक्कामी गाडीची वाट बघते. गाडीत गडी असतात, मोठमोठ्यानं बोलतात, आणि मला कुणी काही म्हणत नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरची पिशवी उचलून कंडक्टर मला जागा करून देतात. तिकीट फाडताना दर वेळी आपुलकीनं विचारतात, "झालं का ताई प्रॅक्टिकल?"

मी म्हणते, झालं.