जावेला लावलेलं कुंकू

वडील गेले तेव्हा माझ्या आईच्या बांगड्या बायकांनी हात धरून उंबऱ्यावर फोडल्या होत्या. मी तेव्हा चौथीत होते. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. आईच्या मनगटाला काच लागून रक्त आलं, ते कुणी पुसलं नाही. त्यामुळे पुढं जेव्हा आमच्या मालकांनी पंचायतीत ठराव आणला, की विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तेव्हा मला फार बरं वाटलं. मी चारचौघांत बोलत नाही. पण चुलीपुढं जावेला म्हणाले, "चांगलं केलं की ह्यांनी."

पुढच्याच वर्षी धाकट्या दिरांचा ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीसकट उलटला. ते जागेवरच गेले.

अंगण माणसांनी भरलं. जाव माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का, ह्या बांगड्या त्यांनीच भरल्यात्या जत्रंत. कुणी फोडू नका. माझं मी उतरवतो आनि त्यांच्यासंगट सरणावर देतो. थोरल्यास्नी तेवढं सांगा." मी मान हलवली. पण बाहेर सगळे पुरुष. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही.

तिनं अंगणात येऊन पहिली बांगडी काढली तसे मालक पुढं आले. सख्खा भाऊ गेलेला, डोळे सुजलेले. म्हणाले, "पोरी, काढायच्या न्हाईत. ठराव मीच आणलाय. आपल्याच घरात मोडला, तर उद्या दुसऱ्या बाईला कोण वाचवणार?"

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पण तिला कुणी विचारलं नाही. माझ्या आईला तरी कुठं विचारलं होतं.

रक्षाविसर्जनाला गाव जमलं, ठरावाची बातमी करायला फोटो काढणारेही आले. मालक मला म्हणाले, "घे करंडा. तूच लाव तिला." जाव माझ्याकडं बघत राहिली. मला नको म्हणता आलं नाही. मी कुंकवाचं बोट टेकवलं, तिचं कपाळ जराही हललं नाही.

बाराव्यानंतर ती कोडोलीला माहेरी गेली, ती आलीच नाही. पंधरा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं. मी भाकरी थापायची, ती भाजायची. दोन महिन्यांनी मी मालकांना न सांगता एकटीच एसटीत बसले. माझं चुकलं म्हणायचं आणि तिला घेऊन यायचं, एवढंच ठरवलं होतं.

ती दारात आली. "बसा," म्हणाली आणि आत आवाज दिला, "आई, पावणं आल्यात. चहा टाक."

मी चहा प्याले. तिची आई समोर बसून होती. तिच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. साडेचारच्या गाडीला मी निघाले, तेव्हा जाव स्टँडवर सोडायलाही आली नाही.