एकेक रांग मागे

माझी मावसबहीण कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या, आणि त्या वह्यांत अभ्यासाचं अक्षरही नव्हतं. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला एक पान. वर नाव, खाली तारीख, कुठल्या रांगेत बसून पाहिला ते, आणि मग गिचमिड अक्षरात काहीबाही: 'बाई रडते तेव्हा खिडकी तिच्या मागे ठेवलीय, म्हणून चेहरा काळा.' 'दार लागल्याचा आवाज दार लागायच्या आधी येतो.' आठवड्याभरात बाबांनी तिचं नाव मॅटिनी ठेवलं. लेक्चर बुडवून बाराच्या खेळाला पळणारी म्हणून मॅटिनी. ती माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, पण मी तिला ताई कधी म्हटलं नाही.

जेवताना ती सिनेमा सांगायची. नुसती गोष्ट नाही, कोण कुठून आत आलं, पाऊल कसं वाजलं, कुठे एकदम शांतता झाली, सगळं. बाबा ताटावर हात वाळवत ऐकत बसायचे. हिच्या तोंडून ऐकलेला पिक्चर थिएटरात जाऊन बघितला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे.

थिएटर कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर होतं. एकच पडदा, लांबच लांब हॉल, रेक्झिनच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या कुरकुरणाऱ्या. दारात टॉर्च घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे असत, त्यांना सगळे टॉर्चकाका म्हणत. मॅटिनीचे तिथले नियम ठरलेले होते. दिवे चालू असतानाच आत जाऊन बसायचं. मध्ये उठायचं नाही, कितीही तहान लागो. सिनेमा संपला तरी शेवटचं नाव सरकून हॉलचे दिवे लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. मला ही भक्ती वाटायची. मी चार मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं.

बाकीच्या गोष्टींना आम्ही वेंधळेपणा म्हणायचो. तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या. स्टुलाला अडखळायची, कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटायची. बाजूला बसून कुणी काही पुढे केलं तर तो हात तसाच अधांतरी राहायचा. "डोळे आहेत की बटणं?" आई म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने मॅटिनीच हसायची. सुरुवातीला आम्ही चौथ्या रांगेत बसायचो. मग सातव्या. दिवाणखान्यात बसून बघितल्यासारखं बघायचं नाही, मागून बघितलं की सगळा पडदा डोळ्यात मावतो, असं ती म्हणाली. मला ते फार हुशारीचं वाटलं. मी मुकाट्याने एकेक रांग मागे सरकत गेले.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी प्रॅक्टिकलचं जर्नल तपासून घेण्यात आम्हाला उशीर झाला. पोचलो तेव्हा खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. ती म्हणाली, राहू दे, उद्या येऊ. उद्या तो सिनेमा उतरणार होता, हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. मी तिचा हात धरला आणि तिला आत ओढलं. तीन-चार पायऱ्या उतरल्यावर हात सोडून मी रिकाम्या खुर्च्या शोधायला पुढे गेले. वळून बघते तर ती तिथेच. एक पाय पायरीवर, दुसरा अर्धवट उचललेला, दोन्ही हात समोर पसरलेले. पाण्यात उतरताना माणूस तळ चाचपतो तशी.

तेवढ्यात वीज गेली. पडदा विझला, लोक शिट्ट्या मारायला लागले. थोड्या वेळाने भिंतीवरचे बॅटरीचे पिवळे दिवे लागले आणि खुर्च्या, माणसं, सगळं पुन्हा दिसू लागलं. मी वर जाऊन तिचं मनगट धरलं. ते गार पडलं होतं.

"अजून लाईट आले नाहीत ना?" तिने विचारलं.

तिचे डोळे सताड उघडे होते आणि माझ्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला बघत होते. त्या दिव्यात मला तिच्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता.

"दिवे लागलेत की. चेष्टा करतेस का?" मी म्हटलं.

ती मान इकडून तिकडे फिरवत दिवा शोधायला लागली. 

टॉर्चकाका आले. त्यांनी उजेड तिच्या पावलांवर धरला आणि एकेक पायरी करत आम्हाला बाहेर आणलं. मग तिला बाकावर बसवून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही मुलगी पायऱ्या मोजते. सहा महिने बघतोय मी. घरी कुणाला माहीत आहे का?"

बाहेर उन्हात आल्यावर ती सरळ चालायला लागली. समोरच्या दुकानावरची पाटी वाचून तिच्यातली शुद्धलेखनाची चूकही दाखवली. त्याने मी जास्तच घाबरले. आत्ता आत जे बघितलं ते खरं की हे?

कॉलेजच्या बागेतल्या बाकावर बसून तिने मला सांगितलं. आमच्या आयांना एकच भाऊ. मामाला बाहेर जायला आवडत नाही, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. मॅटिनी त्याच्या गावात, त्याच घरात वाढली होती. मामाला आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग जिन्यावरचं, मग भर दिवसाही नळीतून बघितल्यासारखं. आता तो मागच्या खोलीत रेडिओ लावून बसायचा. लहानपणी त्याला चहा नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. ती समोर उभी असली तरी तो दाराकडे बघून विचारायचा, कोण आहे. ती कप ठेवून धूम पळायची.

स्वतःचं तिला बारावीत कळलं. एका सिनेमात सगळे हसले आणि तिला कळेना कशाला. मैत्रीण म्हणाली, अगं, कोपऱ्यातलं मांजर बघ ना. तिला मांजर दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तोच सिनेमा चार रांगा मागे बसून बघून आली. तिथून मांजर दिसलं.

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस?" मी विचारलं.

"गेले की ते मामाच्या आजाराचं नाव घेणार. नाव घेतलं की ते खरं होणार." ती हातातल्या पानाचे तुकडे करत होती. "तोवर दिसतंय तेवढं बघून घेते."

कुणाला सांगायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली. मी ती घेतली, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण बाकावरून उठता उठता माझ्या लक्षात आलं होतं की तिची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी.

संध्याकाळ झाली की मी अडगळीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि काय काय दिसतं ते मोजायची. ट्रंक, शिडी, जुना पंखा. काल पंख्याची तीन पाती दिसली होती, आज दोनच का? आरशासमोर उभी राहून कानांजवळ बोटं हलवून बघायची. वर्गात फळ्याकडे बघताना बाजूची मुलगी दिसतेय ना, याच्याकडेच सगळं ध्यान. एकदा कोपरा धूसर वाटला आणि दरदरून घाम फुटला. केसांची बट पुढे आली होती. एवढंच.

मॅटिनी आता रोज सिनेमाला जाऊ लागली, कधी दिवसातून दोन. मी तिच्या बाहीला धरून बरोबर जायची. पडदा बघायचं मी सोडूनच दिलं होतं, मी तिच्याकडे बघायची. ती पापणी लवू देत नव्हती. भुकेलेलं माणूस चव न घेता घास कोंबतं तसं चाललं होतं. घरी आल्यावर जेवताना गोष्ट नाही, वहीत अक्षर नाही. एकदा ती अंघोळीला गेलेली असताना मी तिच्या वह्या चाळल्या. चौथी रांग, सातवी, अकरावी, पंधरावी. शेवटच्या पानांवर नुसती नावं होती आणि समोर लिहिलं होतं, शेवटची रांग. हॉलमध्ये तिच्यामागे भिंत होती.

त्या शपथेनंतर अकराव्या दिवशी रस्ता ओलांडताना डाव्या बाजूने सायकल आली. घंटी वाजत होती, सायकलवाला ओरडत होता, मला सगळं दिसत होतं. मी दोन पावलं मागे होते. तिने वळून बघितलं ते उजवीकडे. सायकल तिच्यावर आदळली, कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण सायकलच्या जागी ट्रक असता तर, हे वाक्य घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना.

आई स्वयंपाकघरात होती. मी शपथ मोडली. आईने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. रागावली नाही, नवलही केलं नाही.

"बाजूचं दिसत नाही ना तिला?" एवढंच विचारलं. म्हणजे तिला माहीत होतं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की तसा मी कधी बघितला नव्हता. उठून माझ्या कानाशेजारी बोट धरून हलवलं. "दिसतं?" दुसऱ्या बाजूला धरलं. "हे?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. तरी ती बोट हलवतच राहिली.

दोघी बहिणींनी फार पूर्वी ठरवलं होतं, पोरांसमोर हा विषय काढायचा नाही. विषय काढला नाही म्हणून तो घरात शिरणार नाही, असं त्यांना वाटत असावं.

मॅटिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईने आम्हा दोघींना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासारखं यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठे उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी ती गेली. दार नीट लागत नव्हतं. मी बाहेरच्या खुर्चीवर होते आणि मला बटण ऐकू येत होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. यंत्राची बारीक घरघर चालू, म्हणजे कण चमकत होते. पुन्हा काही नाही. टक. आईने माझा हात इतका आवळला होता की अंगठी रुतली. आत कुणीतरी मवाळ आवाजात म्हणालं, बटण चालू आहे बरं का, दिसलं की दाबा. मॅटिनी म्हणाली, हो.

मग माझी पाळी. मी बसले आणि कण सगळीकडून यायला लागले, वरून, खालून, कानाशेजारून. टक टक टक टक. हायसं वाटायला हवं होतं. पण दार लागत नव्हतं, आणि आता बाहेर ती बसली होती. दोनदा मला उजेड दिसला तरी मी बटण दाबलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. तोच आजार, मामाचाच. कडेकडून पडदा मिटत येतो. किती वेगाने, हे सांगता येत नाही. मधलं बरीच वर्षं टिकू शकतं. त्यांच्याकडे आज यावर औषध नाही. दर सहा महिन्यांनी यायचं, आणि काठी घेऊन चालायला आत्तापासून शिकायचं, दिसतंय तेव्हाच. माझे डोळे ठीक आहेत, असं त्या म्हणाल्या. दोन ठिकाणी चुकलंय, बहुतेक लक्ष नसेल.

मॅटिनी काठीचं नाव ऐकून खोलीबाहेर निघून गेली.

त्यानंतर दोन महिने ती थिएटराकडे फिरकली नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. मावशी तिला घरी न्यायला आली. आल्या आल्या तिने बॅग भरायला घेतली, आणि तेव्हा मॅटिनी पहिल्यांदा रडली. घर म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला माहीत होतं: मामाची मागची खोली. आईची आणि मावशीची जुंपली. मावशी म्हणे माझ्या डोळ्यांसमोर राहील, आई म्हणे तिथे राहून करील काय.

मध्येच मामाचा फोन आला. त्याने मॅटिनीला द्यायला सांगितलं. आम्ही तिघी उभ्या होतो आणि फोनमधला आवाज मोठा होता.

"मी सात वर्षं नाटक केलं," मामा म्हणाला. "कचेरीत, घरात. जिन्यावरून पडलो तेव्हा कळलं लोकांना. दिसत नाही याच्यापेक्षा कुणाला कळेल याच्या धास्तीने मला जास्त खाल्लं. तू सांगून टाक. सगळ्यांना. आणि इकडे येऊ नकोस, इथे मी एक पुरे."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मग विचारलं, "मामा, तुला अजून भीती वाटते?"

"वाटते की. अंधाराची सवय होते, भीतीची होत नाही."

मावशी एकटी परत गेली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मॅटिनीने डिग्री पूर्ण केली, परीक्षेला जास्तीचा वेळ मागून घेतला, अर्ज स्वतः लिहिला. काठी शिकायला तिला वर्ष लागलं, आणि त्यातले पहिले तीन महिने काठी फक्त आमच्या गच्चीवर बाहेर निघायची. सिनेमा महिन्यातून दोनदा बघते, सगळ्यांत मागून. दर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात तिला अन्न जात नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. तिला दिसणारं वर्तुळ लहान होतंय. गेल्या खेपेला फार नाही झालं, त्याच्या आदल्या खेपेला झालं होतं.

ती आता एका शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले होते आणि दाराबाहेर थांबले. वर्गात तीसेक मुलं, बाकं भिंतीपर्यंत पसरलेली. तिने फळ्यावर आपलं नाव लिहिलं, खडू ठेवला. आवाज कापत होता, मागच्या बाकापर्यंत कळेल इतका.

"मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही," ती म्हणाली. "शंका असली तर हात वर करू नका. हाक मारा."

 मग डावीकडच्या कोपऱ्यातून एका मुलीने हाक मारली, आणि मॅटिनी त्या बाजूला वळली.