विनिफ्रेडने ऐकलेलं विमान

आमच्या गल्लीतल्या बायका वर न बघता विमान ओळखत. विमानांच्या कारखान्याची धावपट्टी घरांच्या मागेच. कपडे वाळत घालता घालता कुणाचा नवरा उतरला ते कळे. त्यात शेजारच्या विनिफ्रेड टॅपस्कॉटचा कान सगळ्यांत तिखट. तिचा क्लिफर्ड चाचणीच्या विमानात बसून यंत्रांचे काटे वाची.

विमान नवं, तीन जेट इंजिनांचं, तिन्ही शेपटीपाशी. आधी ते मोठं आखलं होतं. पण ज्या विमान कंपनीसाठी बनवायचं तिने "लहान हवं" म्हटलं, म्हणून कापून लहान केलं. पुढे अमेरिकेचं तसंच पण मोठं विमान जगभर खपलं. क्लिफर्ड आधीपासूनच म्हणे, "एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचा कोट शिवलाय. दुसऱ्याच्या अंगात चढणार कसा?"

विनिफ्रेडची धास्ती निराळी होती. या विमानाचं आडवं शेपूट अगदी उंचावर. नाक फार वर गेलं की पंखांमागची मेलेली हवा शेपटीला झाकते, मग काही केल्या नाक खाली येत नाही, आणि विमान सपाट खाली कोसळतं. हे जिथे सुरू होतं ती कड नेमकी कुठे, हे मुद्दाम जाऊन बघायचं, हेच क्लिफर्डचं काम.

त्या सकाळी तिने फाटकाशी विचारलं, "आज पुन्हा त्या कडेपर्यंत?"

"हो. संध्याकाळी कलेजी कर, कांदा भरपूर घाल."

"आधी ये तर. भुतांना जेवू घालत नाही मी."

दुपारी आम्ही दोघी कुंपणाशी बोलत होतो. तीन इंजिनांचा तो कर्कश आवाज छपरांवरून गेला, पट्टीवर उतरून शांत झाला.

"आला गं बाई," विनिफ्रेड म्हणाली. "देवा, तुझे उपकार. मॉड, चल, कांदे चिरू लाग."

कलेजी तव्यावर असतानाच कारखान्याची गाडी दाराशी थांबली. तीतून पाद्रीसाहेब उतरले. आमच्याकडे याचा अर्थ एकच.

विनिफ्रेड हसली. "घर चुकलात, पाद्रीसाहेब. आमचा उतरलाय. विचारा हिला."

"ते दुसरं विमान होतं, बाई. त्याच बनावटीचं, दुरुस्तीला परत आलेलं."

"मला आवाज शिकवता?"

त्यांनी टोपी काढली. क्लिफर्डचं विमान उत्तरेकडच्या शेतात, पोटावर, सपाट पडलं होतं. कुणी वाचलं नव्हतं.

विनिफ्रेड म्हणाली, "म्हणजे मघाशी मी कुणाच्या नवऱ्यासाठी देवाचे उपकार मानले?"

मी आत जाऊन गॅस बंद केला.

पुढे त्या बनावटीचं विमान दाट धुक्यात वैमानिकाचा हात न लागता उतरायला शिकलं. प्रवासी निर्धास्त झोपत. विनिफ्रेड मात्र कपडे वाळत घालायची, आणि कुणी नवी सून घाबरून विचारायला आली, "टॅपस्कॉटबाई, आमचे आले का हो?" तर एवढंच म्हणायची, "मला नको विचारू. जा, डोळ्यांनी बघून ये."