चादरीचा ढग

चालत असलेली वस्तू मॅडमना बघवत नसे. प्रयोगशाळेत कुणाचा कन्व्हर्टर पहिल्यांदा सुरळीत चालला की मुलं टाळ्या वाजवत, मॅडम जवळ येऊन म्हणत, "झालं ना? आता बिघडव." गोंदियाच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात म्हणूनच त्यांचं नाव 'बिघाड मॅडम' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. "आपल्या हातानं बिघडला तर कळते काऊन बिघडला," त्या म्हणत. "शेतात बिघडला तर फक्त शिव्या भेटतात."

मी तिथेच शिकवत होतो आणि त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. विषय सोलर पंपाच्या कन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज मोटारीला मानवेल अशी करून देणाऱ्या पेटीचा. चोरखमारा गावाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या बांधावर आमची पॅनेलं उभी होती. मॅडम कुडव्याच्या घरून निघताना पिशवीत जुनी चादर घेत आणि भर उन्हात ती पॅनेलवर पसरत.

"काऊन झाकून राहिल्या जी मॅडम? चांगलं ऊन आहे ना!" शेतकरी विचारी.

"ढग आणून राहिली भाऊ."

"मंग थोडं पाणीबी आणा!"

ढग हाच आमचा वैरी होता. सावली आली की वीज घटे, सरली की उसळे, आणि त्या उसळीत पेटीतले स्विच जळत.

बाहेरचे परीक्षक पाहणीला आले तो मॅडमच्या नोकरीतला शेवटचा आठवडा होता. माझी बढती पदवीवाचून अडली होती. आकाश निरभ्र, धार जोरात, परीक्षक खूश. मॅडमनी पिशवीत हात घातला. मी हळूच म्हणालो, "मॅडम, आज चादर राहू द्या."

"आज काऊन?" एवढंच म्हणून त्यांनी चादर टाकली आणि काढली. पेटीत फट्‌ आवाज झाला, जळका वास सुटला. "अजून काम बाकी आहे," परीक्षकांना मॅडमनीच सांगितलं.

त्यांच्या निरोप समारंभाला मी गेलो नाही. तब्येतीचं कारण कळवलं.

पुढे मी पेटीचं नियंत्रण नव्यानं मांडलं. सावलीत पंप मंदावेल, ऊन परतल्यावर सावकाश वेग धरेल, असं. हिवाळ्यात कुडव्याला गेलो. मॅडम दारातच म्हणाल्या, "झाली का गा तब्येत बरी?" मला वर बघवलं नाही.

स्कूटरवरून त्यांना बांधावर नेलं. चादर आणायला विसरलो, असं सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नव्हता. मॅडमनी खांद्यावरची शाल काढली. जांभळी, जरीकाठाची, निरोपाच्या सत्काराची. ती त्यांच्या खांद्यावर कुणी घातली हे मी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ती पॅनेलवर पसरली. धार बारीक झाली, पण तुटली नाही. शाल निघाली. धार हळूहळू भरली.

"झालं," मॅडम म्हणाल्या. मी पुढच्या वाक्यासाठी उभा राहिलो. त्यांनी शालीची घडी घालून माझ्या हातात दिली. "पुढचं तू पाहा. माह्या हातात आता दम नाही."

मॅडम आता नाहीत. शाल प्रयोगशाळेच्या कपाटात असते. उन्हानं तिचा जांभळा रंग उडाला आहे. बांधावर एखाद्या विद्यार्थ्याचा पंप धो धो चालू लागला आणि मी पिशवी उघडली की तो पोरगा कुरकुरतो, "सर, आज राहू द्या ना."

मी शाल पसरतो.