सात लाल ओळी

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने दोन थेंब जास्त ओतले तरी मला वाटतं, आज पाणी घातलं असणार. बोईसरच्या आमच्या चार माणसांच्या ऑफिसात मात्र या स्वभावाला मान होता. प्रत्येकजण प्रोग्रामची वेगळी प्रत घेऊन तिच्यावर काम करायचा. ती त्याची ब्रँच. रिलीजच्या, म्हणजे प्रोग्राम गिऱ्हाइकाला देण्याच्या, आधी सगळ्या ब्रँच मुख्य प्रतीत मिसळायच्या, आणि त्याआधी त्या ओळीन् ओळ ताडून बघायचं काम माझं.

तो प्रोग्राम तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यासाठी होता. टाकी जास्त तापली की भोंगा वाजवायचा. शिरगावहून येणारी आमची एक सहकारी त्यातले रिपोर्ट बघायची. रिलीजच्या सकाळी तिची ब्रँच मुख्य प्रतीशी ताडली आणि सात ओळी लाल दिसल्या. लाल म्हणजे काढून टाकलेल्या. टाकी थंड होईपर्यंत भोंगा कुणाला बंद करता येऊ नये, अशी ती अट होती. अशी अट आपल्याकडे आहे हे मला आठवत नव्हतं, पण मुख्य प्रत आम्ही दुसऱ्यांकडून घेतलेली, तिच्यात काय काय असेल कोण जाणे.

तिचा भाऊ त्याच कारखान्यात, त्याच टाकीवर कामाला. भोंग्याने तिथल्या माणसांचं डोकं उठतं, हे तिनेच डबा खाताना सांगितलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ताडलं. तडक साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, ही ब्रँच वगळा आणि तिलाही या कामावरून काढा. साहेबांनी तिला बोलावलं.

तिने माझ्या स्क्रीनवर वरच्या दोन प्रतींच्या नावांवर बोट ठेवलं.

"सर, तुमी नावं उलटी टाकलीत. आधी माजी ब्रँच, मग मुख्य. त्या ओळी मी काढल्या नाय, घातल्यात."

ताडताना जुनी प्रत आधी द्यायची, नवी मागून. मी नावांचा क्रम बदलला. त्याच सात ओळी हिरव्या झाल्या, म्हणजे नव्याने घातलेल्या. माझे कान तापले, पण संशयाला औषध नसतं.

"मग रिपोर्टच्या कामात लपवून का घातल्यास?"

"मागच्या महिन्यात टाकी तापलेली असताना कोणीतरी भोंगा बंद केला नि जेवायला गेला. भावाला कळलंच नाय, त्याचा हात भाजला. तवाच मी तुमाला विचारलेलं."

"मला?"

"चहाला. तुमी म्हणालात, गिऱ्हाइकाने मागितलं नाय ते आपण करायचं नाय."

मला ते अजिबात आठवेना. वाक्य मात्र माझंच होतं, अगदी माझ्या तोंडचं. साहेबांसमोर ते ऐकताना मला जास्तच लाज वाटली.

"सोमवारपासून भाऊ परत कामावर जातोय," ती म्हणाली. "त्याच टाकीवर."

दुपारपर्यंत मी ती अट पाच-सहा वेळा चालवून बघितली. एकदाही चुकली नाही. साहेबांनी कारखान्यात फोन करून होकार घेतला, तेव्हा मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिने नकारार्थी मान हलवली.

"तुमीच करा, सर. तपासणी तुमच्या नावावर हाय."

मी ब्रँच मुख्य प्रतीत मिसळली आणि नोंदीत लिहिलं : भोंग्याची अट घातली. महिन्यापूर्वीच मागितली होती, मी नाही म्हटलं होतं.