उजवं चाक

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि शुद्धलेखन मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, मग मेंढरांमागं गेले. चुकलेलं समजून घ्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला नाही. देवीपुढंसुद्धा मोठ्यानं बोलले नाही. बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव पिशोरजवळ. घरी जुना ट्रॅक्टर आहे आणि त्याची दोन चाकांची ट्रॉली. ट्रॅक्टर एकदा बंद केला की ढकलल्याशिवाय चालू होत नाही. म्हणून वाटेत थांबलो तरी मालक, म्हणजे माझा नवरा, इंजिन चालूच ठेवतात, ब्रेकवर पाय देऊन वरच बसतात. खाली उतरून ट्रॉलीची चाकं बघायचं काम माझं. टायरवर दगड मारायचा — टणक वाजलं तर हवा बरोबर. मग चाकाच्या मधोमध, जिथं आत बेरिंग असतं, तिथल्या लोखंडाला हात लावायचा. कोमट लागलं तर चालतं. हात ठेववत नाही इतकं तापलं असेल, तर पुढं जायचं नाही.

हे मला पिशोरच्या हनीफ मिस्त्रींनी शिकवलं. जाऊबाईंच्या लेकराचं जावळ होतं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी उजव्या चाकाचं बेरिंग बदललं. नदीच्या पाण्यातून जाऊन जाऊन जुनं गंजलं होतं. हातानं ग्रीस भरता भरता ते म्हणाले, "बेटी, नवं बेरिंग हाय. ते बसंस्तोवर भरवसा नाय. पंधरा-वीस किलोमीटरवर थांबा आन् हात लावून बघा. तापलं असलं तर तसंच पळवायचं नाय."

मालक हसले. "तिच्या हाताला ताप बरोबर कळतो. लेकराचा बी आन् चाकाचा बी."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वीस-बावीस माणसं ट्रॉलीत बसून देवीला निघालो. सिल्लोडच्या रस्त्याला एका चहाच्या टपरीवर थांबलो. मी उतरले. डाव्या चाकाला हात लावला — थंड. ट्रॉलीच्या मागून वळून उजवीकडं गेले, तर तिथं सासरे उभे होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. सोबत तीन पाव्हणे, चहाचे कप हातात. एकानं तर टायरवरच पाय ठेवला होता. मामांसमोर मी कधी मान वर करून उभी राहिलेली नाही. या माणसांना बाजूला व्हा म्हणायचं? त्यांच्या पायाशी वाकायचं?

तेवढ्यात टायरवर पाय ठेवलेला पाव्हणा म्हणाला, "काय वो, सूनबाईला ग्यारेज काढून देता का काय?"

सगळे हसले. मामाही हसले. मी पदर ओढला आणि मागं फिरले.

आणखी एक आहे. तेच लिहायला हात अडतोय. मला वास आला होता. जळक्या ग्रीसचा. टपरीच्या कढईतलं तेल जळालं असेल, असं मी मनाला सांगितलं — पण कढईचा वास आणि ग्रीसचा वास मला वेगळा कळत नव्हता का? कळत होता.

मालक वरून ओरडले, "काय गं, बघितली का दोन्ही?"

"बघितली," मी म्हटलं. "थंड हायेत."

ट्रॉली निघाली. थोड्या वेळानं खालून करकर ऐकू यायला लागली. बायका गाणी म्हणत होत्या. मी टाळ्या वाजवत होते, आणि कान खालीच होते. तेव्हा तरी ओरडायचं होतं. पण काय ओरडणार होते? आत्ताच तर थंड म्हटलं होतं. मग एक चाक आमच्या पुढं रस्त्यानं एकटंच पळताना दिसलं. ते आमचंच आहे हे कळायच्या आत ट्रॉली उजवीकडं कलली.

जाऊबाई त्याच कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी लेकरू माझ्या अंगावर टाकलं. लेकराला खरचटलंही नाही. त्यांचा पाय मात्र ट्रॉलीच्या फळक्याखाली गेला. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

आठ दिवसांनी मामांनी मिस्त्रींना घरी बोलावलं. मी दाराआड होते. मिस्त्रींनी एकच विचारलं, "चाकाला हात लावला होता का कुणी?"

मामा म्हणाले, "आमच्या सुनेनं लावला होता. ती खोटं बोलत नाय. तूच खराब माल टाकला."

मिस्त्रींनी दाराकडं पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर? बोलले नाही. त्यांनी मान खाली घातली. दवाखान्यासाठी अठरा हजार त्यांच्याकडून घेतले. त्यासाठी त्यांनी हवा भरायचं मशीन विकलं. आमच्या गावातला एकही ट्रॅक्टर पुन्हा त्यांच्याकडं गेला नाही. आता ते सायकलींचे पंक्चर काढतात. जाऊबाई कुबडी घेऊन चुलीपाशी येतात तेव्हा अजून त्यांनाच शिव्या देतात. मी भाकरी थापत ऐकते.

चार वर्षं झाली. माझ्या स्वतःच्या तीन शेळ्या आहेत. पहिली करडं विकली तेव्हा पैसे घेऊन बाजारच्या दिवशी मिस्त्रींकडं गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. नोटा पुढं केल्या. त्यांनी विचारलं, "मामांनी पाठवले?"

मी मान हलवली. हो म्हणून.

वर आणखी बोलले, "त्यांना विचारू नका. लाज वाटंल त्यांना."

मग दर खेपेला तेच. परवाच्या बाजारी शेवटचे दीड हजार दिले. मिस्त्रींनी हात पुसून ते घेतले, डोळ्यांना लावले. म्हणाले, "पुरे झाले, बेटी. मला लई वाटायचं, अख्खं गाव मला चोर समजतं. पण मामांना कळलं. सच्चा माणूस हाय तुमचा सासरा."

मी बरं म्हटलं आणि बाजाराची पिशवी उचलली.

अठरा हजार पूर्ण फिटले आहेत.