बिननावाची बटणं

“अरे, अंगूठा लगवा लो। ये बेचारी कहाँ पढ़ेगी।”

साहेब माझ्याशी बोलत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या तिवारीजींशी बोलत होते. मी समोरच खुर्चीवर बसलेली. शाईच्या पॅडचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी माझा अंगठा धरला. विचारलं नाही, सांगितलं नाही. धरला आणि शाईत दाबला.

मी जबलपूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. सात वर्षांची असताना तापात डोळे गेले. शाळा शिकले, कॉम्प्युटर शिकले, परीक्षा देऊन नोकरीला लागले. कोणाच्या मेहेरबानीने नाही. निवृत्त माणसांचे, विधवांचे पेन्शनचे अर्ज आमच्या वेबसाइटवर येतात. ते तपासून पुढे पाठवायचे, हे माझं काम. कॉम्प्युटर मला स्क्रीन वाचून दाखवतो, हेडफोनमधून. माऊस मला लागत नाही. टॅबचं बटण दाबत पुढे जायचं. लॉगिनला चार टॅब, नव्या अर्जांना अकरा, तिथून खाली तीन आणि एंटर. सगळं बोटांना पाठ होतं. माझ्या टेबलावर अर्ज पडून राहिला, असं कधी झालं नाही.

नोकरीच्या आठ वर्षांत ती वेबसाइट तीनदा बदलली. कशासाठी? कोणी मागितली होती? पहिल्यांदा बदलली तेव्हा मी रविवारी येऊन सगळे टॅब नव्याने पाठ केले. दुसऱ्यांदाही केले. तक्रार केली नाही. मला वाटायचं, मीच कमी पडते. डोळस लोकांच्या ऑफिसात बसायचं तर एवढं करायलाच हवं. किती मूर्ख होते मी!

तिसऱ्यांदा तर समारंभ झाला. हार, समोसे, भाषणं. साहेब म्हणाले, “देखो, कितनी सुंदर लग रही है!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला पुढे बोलावलं आणि माझ्या हातून उद्घाटनाचं बटण दाबून घेतलं. फोटो छान येतो म्हणे. मी हसले पण.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला. “बटन. बटन. बटन. बटन.” एवढंच. कुठलं बटण कशाचं, कुणी नावच दिलेलं नाही. दिसणाऱ्याला चित्र दिसतं, मला काय? वर धुआंधार धबधब्याचं हलतं चित्र लावलेलं. ते बदललं की मी जिथे असेन तिथून उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर. लॉगिन करायला चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. आधी ती ऐकता यायची. ती सोय काढून टाकली होती, दिसायला बरी दिसत नव्हती म्हणून. विजय नगरातून वेबसाइट बनवणारा माणूस आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मैडम, मॉडर्न डिज़ाइन है। आप किसी की मदद ले लीजिए न।”

मी मदत घेतली. ही माझी लाज आहे आणि ती मी सांगणार आहे. मी माझा पासवर्ड बाजूच्या टेबलावरच्या तिवारीजींना दिला. माणूस वाईट नाही. स्वतःचं काम आटोपून, चहाच्या आधी, ते माझ्या नावाने लॉगिन करायचे आणि माझे अर्ज निपटवायचे. मी हेडफोन लावून बसायची. कानात काहीच नसायचं. लोकांना वाटावं मी काम करते आहे, म्हणून.

एक दिवस कुंडम गावाहून एक बाई आली. आवाज थकलेला. “दीदी, आपने मेरा फारम काहे लौटा दिया?” कागद माझ्या हातात दिला. ऑफिसातल्या एका बाईंकडून वाचून घेतला. पतीचं मृत्यू प्रमाणपत्र जोडलेलं नाही, म्हणून अर्ज परत. खाली माझं नाव. प्रमाणपत्र जोडलेलं होतं, दुसऱ्या पानावर. तिवारीजींनी घाईत ते पान उघडलंच नव्हतं.

बाईने माझ्या हातावर हात ठेवला. “कोई बात नहीं दीदी। आप देख नहीं पाई होंगी।”

ती मला माफ करत होती. माझ्या आंधळेपणासाठी! मला ओरडावंसं वाटलं की बाई, मी डोळ्यांनी नाही चुकले, मी भित्रेपणाने चुकले. तिवारीजींना त्यांच्या स्वतःच्या नावाने तिचा अर्ज त्याच वेळी पुढे पाठवायला लावला.

संध्याकाळी गढ्याला घरी गेले आणि रडत बसले. आई म्हणाली, “काहून रडून राहिली?” सांगितलं. ती म्हणाली, “काम त्यानं केलं, अन् नाव तुझं. मंग तू जातेस कशाले तिथं?”

मला तिचा भयंकर राग आला. कारण ती खरं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी तिवारीजींना सांगितलं, आता माझ्या नावाने काही करायचं नाही. अर्ज साचू लागले. आठवड्याभरात साहेबांनी बोलावलं. एक कागद होता, आणि तो शाईचा पॅड.

मी अंगठा ओढून घेतला. “पहले पढ़कर सुनाइए।”

तिवारीजींनी हळू आवाजात वाचलं. “दृष्टिबाधित कर्मचारी द्वारा जाँचा गया। वेबसाइट पूर्णतः सुगम है।” म्हणजे मी तपासली, आणि आंधळ्यांना चालते असं मीच म्हणते. एवढा कागद लागला की वेबसाइटची फाइल बंद.

“अंगूठा नहीं, सर। मैं दस्तखत करती हूँ।”

“अच्छा, चलो, दस्तखत कर दो।” साहेब खूश.

“पहले लिखवाइए, जाँची, नहीं चलती।”

मग साहेब म्हणाले, “तुम एक के लिए पूरी साइट बदलें?”

“तीन बार किसके लिए बदली, सर?”

मी उठून माझ्या टेबलाशी आले आणि स्वतः टाईप केलं, काय चालत नाही आणि का. पान छापलं. पर्समधून पत्र्याचा तुकडा काढला. माझे बाबा कारखान्यात फिटर होते. मी अठराची झाले तेव्हा त्यांनी पत्र्यात सहीएवढी खाच कापून, कडा घासून मला दिली होती. म्हणाले होते, “वाकडी आली तरी चालते, पण सही तुझी पाहिजे.” ती खाच कागदावर ठेवली आणि सही केली. अंगठ्याची शाई कागदाला लागली, लागू दिली. आवक विभागात कागद दिला आणि शिक्का मारून घेतला.

तेव्हापासून मला टेलिफोनवर बसवलंय. वेबसाइट आहे तशीच आहे. अधूनमधून कोणीतरी येतं, “कर दो न दीदी, क्या जाता है।” साहेबांना वाटतं मी थकेन.

रोज दहा वाजता मी ती वेबसाइट उघडते. “बटन. बटन. बटन.” जे चालत नाही ते लिहिते, खाच ठेवते, सही करते, आवक विभागात देते. कुंडमच्या बाईसारख्या एखादीचा अर्ज ज्या दिवशी मी स्वतः वाचेन आणि स्वतः पुढे पाठवेन, त्या दिवशी साहेबांच्या कागदावर माझी सही होईल. तोवर त्यांना माझा रोज एक कागद मिळेल.